सातवे व्रत आणि बाळाची दुपटी

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी पाच अणुव्रतांवर प्रवचने पुष्कळ होतात. सातव्या व्रताकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. उपभोग-परिभोग परिमाण हे त्याचे नाव. जी वस्तू एकदा वापरली की संपते ती उपभोगाची, जी पुन्हा पुन्हा वापरता येते ती परिभोगाची, अशी विभागणी करून दोहोंना मर्यादा घालून घ्यावी, एवढेच हे व्रत सांगते. अन्न, पाणी, फूल पहिल्या वर्गात. वस्त्र, भांडे, अंथरूण, वाहन दुसऱ्या वर्गात. ही विभागणी ज्यांनी केली त्यांच्या मनाला, वस्त्रसुद्धा एकदा वापरून फेकून द्यावयाचे असते, ही कल्पना शिवली नसेल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र बाजाराने दुसऱ्या वर्गातील एकेक वस्तू उचलून पहिल्या वर्गात नेऊन ठेवली. पेला गेला, ताट गेले, पिशवी गेली, हातरुमाल गेला, आणि शेवटी तान्ह्या बाळाचा लंगोटही गेला.

खामगावच्या बाजारपेठेत तीन पिढ्या किराणा आणि जनरल मालाचा व्यापार करणारे एक स्थानकवासी कुटुंब आहे. घरात ऐंशी ओलांडलेल्या दादी, दुकान पाहणारे त्यांचे चिरंजीव व सूनबाई, दुकानातच बसणारा नातू, त्याची जालन्याहून आलेली पत्नी आणि दोन पणतू. हे घर धर्मभीरू आहे, परंतु टोकाचे नाही. नळाला गाळण्याचे कापड नेमाने बांधलेले असते, सूर्यास्तापूर्वी जेवण होते, सकाळी चौदा नियम धारण करण्याची दादींची सवय आजही चालू आहे. आज किती द्रव्ये खाणार, किती वस्त्रे वापरणार, किती वाहनांत बसणार, स्नान किती वेळा करणार, याचा हिशेब त्या रोज उजाडताना मनाशी मांडतात. गंमत अशी की याच घरात थोरल्या पणतूच्या जन्मानंतर पहिली दोन वर्षे रोज सहा डायपर कचऱ्याच्या डब्यात जात होते आणि चौदांपैकी कोणत्याही नियमात ते कोणाला बसवता आले नव्हते.

दादींनीच एकदा सुनेच्या सुनेला विचारले, ‘‘अगं, हे वस्त्रात धरायचं की द्रव्यात?’’ प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर घरात कोणापाशी नव्हते.

थोरल्याच्या जांघेत वारंवार लाल चट्टे उठत. बालरोगतज्ज्ञांनी मलम दिले आणि बाळाला जमेल तितका वेळ उघडे ठेवण्यास सांगितले. तेवढ्यापुरते ते पाळले गेले. धाकट्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा मात्र सूनबाईने आधीच ठरवले की या खेपेस बाळाचे सारे शक्यतो घरच्या पद्धतीने करावयाचे. आजकाल ज्याला नैसर्गिक संगोपन म्हणतात त्याबद्दल तिने वाचले होते. बाळाला सतत अंगाशी धरणे, अंगावरचे दूध, सुती कपडे, लाकडी खेळणी, घरचे अन्न असा तो सारा कार्यक्रम होता. यांतील बहुतेक गोष्टी दादींच्या हयातीत नित्याच्या होत्या, हे तिला हळूहळू कळत गेले. दादींनी ट्रंकेतून जुन्या धोतरांचे तुकडे काढले. अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या त्या कापडाचे तीस लंगोट आणि बारा दुपटी घरच्याच शिलाई यंत्रावर शिवली गेली.

खामगावात हे व्हावे यालाही एक अर्थ आहे. हे गाव कापसाच्या व्यापारावर वाढले. जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला तो येथील कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी. ज्या गावातून गाठींनी भरलेल्या गाड्या निघाल्या, त्या गावातील बाळांनी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, लाकडाचा लगदा आणि द्रव शोषणारे रासायनिक कण यांचे वस्त्र नेसावे, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. अर्थात नवा कापूसही सर्वस्वी निर्दोष नाही. २०१७ मध्ये विदर्भातीलच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जीवदयेचा विचार लंगोटापासून सुरू झाला तर तो त्या शेतापर्यंत पोहोचल्याखेरीज राहत नाही. त्या दृष्टीने दादींची जुनी धोतरेच सर्वांत उत्तम. त्यांच्यासाठी नव्याने काहीच पिकवावे लागले नाही.

व्यापारी घरात हिशेबाशिवाय कोणताही विचार पुरा होत नाही, तसा तो येथेही झाला. दिवसाला सहा डायपर धरले तर दोन वर्षांचे ४,३८० होतात. एका नगाचे सरासरी १० रुपये धरले तर ४३,८०० रुपये. कापडी लंगोटांचा खर्च म्हणजे दोरा, रिठे आणि पाणी. येथपर्यंत हिशेब एकतर्फी दिसतो. परंतु पाण्याचाही हिशेब मांडावयास हवा. भिजवणे, धुणे, खळबळणे मिळून रोज दोन बादल्या, म्हणजे सुमारे ३० लिटर पाणी गेले तर दोन वर्षांत २१,९०० लिटर होतात. पाच हजार लिटरच्या टँकरने मोजल्यास चारहून अधिक टँकर. डायपर कारखान्यात तयार होतानाही पाणी लागतेच, पण ते खामगावच्या हौदातून जात नाही. ज्या जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, नळाच्या पाण्याची वाट पाहणे हा गृहिणीच्या दिनक्रमाचा भाग आहे, तेथे कापडी लंगोटाचा गौरव करणाऱ्याने ही दुसरी बाजू लपवू नये.

शिवाय एक खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही, तो हातांचा.

धाकट्याचा जन्म फाल्गुनात झाला. चैत्र-वैशाखात कापड तासाभरात कडकडीत वाळे, तेव्हा अडचण वाळवण्याची नव्हती. अडचण ही होती की रात्री तीनदा उठणारी, दिवसभर पाजणारी, थोरल्याची शाळेची तयारी करणारी सूनच पहाटे उठून लंगोटांची बादली घेऊन बसत असे. धुणी-भांडी करणाऱ्या बाईंनी हे काम आपले नव्हे असे स्पष्ट सांगितले, आणि त्यांचे बरोबरच होते. सासूबाईंच्या गुडघ्यांना बसणे जमत नव्हते. दीड महिन्याने सुनेने एका दुपारी सासूबाईंना सांगितले, ‘‘बाई, माझ्याच्यानं आता होत नाही.’’ दुकानातून डायपरचे पुडके आले आणि ट्रंक पुन्हा बंद झाली.

नैसर्गिक संगोपनाचे बहुतेक प्रयोग येथेच संपतात, आणि त्यानंतर दोष आईच्या चिकाटीला दिला जातो. जुन्या काळी हे सारे सहज होत असे, असे म्हणणाऱ्यांनी जुन्या घरांतील स्त्रियांची संख्याही मोजावी. दादींच्या बाळंतपणात घरात चार जावा, एक आत्या आणि कामाला दोन बायका होत्या. आजच्या घरात ते हात नाहीत. ते हात नसताना त्या पद्धतीचा आग्रह धरणे म्हणजे एका स्त्रीवर सहा स्त्रियांचे काम टाकणे होय. पर्यावरणाचे रक्षण झाले तरी त्यात दयेचा भाग किती उरतो, हा प्रश्न जैन घराने तरी स्वतःला विचारावा.

त्या कुटुंबात हा विषय पुन्हा निघाला तो चातुर्मासात, स्थानकात. महासतीजींचे प्रवचन समितींवर चालू होते. पाचवी समिती पारिष्ठापनिका, म्हणजे मल-मूत्रादी टाकाऊ गोष्टी जीवांना बाधा होणार नाही अशा रीतीने, जागा पाहून विसर्जित करण्याचा विवेक. मल-मूत्र साचून राहिले की त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून साधू-साध्वी त्याबाबत किती सावध असतात, हे त्यांनी समजावून सांगितले. ऐकणाऱ्या सुनेच्या डोळ्यांसमोर घरचा डबा आला. घट्ट गुंडाळलेले, दोन-दोन दिवस साचलेले, नंतर गावाबाहेरच्या ढिगावर वर्षानुवर्षे पडून राहणारे ते पुडके आठवले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असे डायपर वेगळे गुंडाळून द्यावेत असे सांगितले होते. पण गुंडाळल्याने सफाई कामगाराचा हात वाचतो. आतले जे आहे ते आतच राहते.

प्रवचनानंतर तिने आपली अडचण सांगितली. महासतीजींचे उत्तर थोडक्यात असे होते की पच्चक्खाण घेताना आगार ठेवून घ्यावे. आगार म्हणजे आधीच सांगून ठेवलेली सूट. साधूचे महाव्रत संपूर्ण असते. श्रावकाचे अणुव्रत त्याच्या शक्तीप्रमाणे, मर्यादा आणि आगार दोन्ही बोलून घेतलेले. सूट आधीच ठरली असेल तर ती घेताना व्रत मोडत नाही आणि मनही खचत नाही.

या उत्तराने त्या घराचा मार्ग बदलला. महाराष्ट्रात असे संपूर्ण व्रत घेतल्यासारखे जगणारी माणसे झाली आहेत. ‘निसर्गायण’ या पुस्तकाचे लेखक दिलीप कुलकर्णी अभियंत्याची नोकरी सोडून दापोली तालुक्यातील कुडावळे या खेड्यात सपत्नीक राहावयास गेले, अल्पतम गरजांचे जीवन त्यांनी पत्करले आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकातून तो विचार मांडला. त्यांच्या मार्गाबद्दल आदरच वाटावा. परंतु ज्यांचे दुकान सकाळी नऊला उघडते, ज्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता आहे, त्यांना त्या मार्गाने एकदम जाणे साधणार नाही, आणि जाऊ पाहिले तर त्या दीड महिन्यासारखेच होईल. व्यापारी कुटुंबाला अणुव्रताचीच वाट परवडते. एक मर्यादा घालावी, ती पचली की दुसरी.

घरात ठरलेली पहिली मर्यादा अशी होती: दिवसा कापड, रात्री डायपर. प्रवास, लग्नकार्य, आजारपण आणि श्रावणातील झडीचे दिवस, एवढे आगार. शेवटच्या आगाराला दादींचाच आग्रह होता. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या कापडावर लीलन-फूलन धरते. ती जीवविराधना टाळण्यासाठी दमट लंगोट वापरण्यापेक्षा डायपर बरा, असे त्यांचे मत पडले. आणि दुसरी गोष्ट ठरली ती धुण्याची. सकाळची बादली नातवाने, म्हणजे बाळाच्या वडिलांनी, दुकानात जाण्यापूर्वी धुवावयाची.

यावर घरात दोन दिवस अवघडलेपण होते. सासूबाईंना शेजारणी काय म्हणतील ही धास्ती होती. दादींनी एका वाक्यात तो प्रश्न मिटवला. ‘‘महाराजसाहेब स्वतःचे कपडे स्वतः धुतात, तेव्हा कोणाला लाज वाटत नाही.’’ नातू पहिल्या आठवड्यात नाक दाबून बसे. नंतर त्याला त्याचे काही वाटेनासे झाले. रिठे रात्री भिजत घालावे, सकाळी त्याच पाण्यात कापड चोळावे, शेवटच्या खळबळण्यास कडकडीत पाणी घ्यावे, ही पद्धत त्याने दादींकडून शिकून घेतली. रोजच्या सहा डायपरचे दोन झाले. वर्षाला चौदाशे साठ डायपर कमी. हा आकडा त्याने दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.

आता जुन्याच्या दुसऱ्या अंगाविषयी. निसर्गाच्या आणि परंपरेच्या नावाखाली जे जे येते ते सर्व स्वीकारावयाचे नसते, हे त्या सुनेने फार चांगले जाणले होते. बाळ जन्मताच मधाचे बोट चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. जैन घरात मध वर्ज्यच, पण वैद्यकीय दृष्टीनेही एक वर्षाच्या आत मध देणे धोक्याचे, कारण त्यातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. घुटी, डोळ्यांत काजळ, बंद खोलीतील शेक-शेगडीचा धूर यांनाही तिने नम्रपणे नकार दिला. पहिल्या पिवळसर चिकाचे दूध काढून टाकण्याची जुनी चाल तर सरळ घातक होती; तेच दूध बाळाचे पहिले संरक्षण होय. जन्मल्यापासून तासाभरात स्तनपान, सहा महिने केवळ अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ ते चालू ठेवणे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दादींना ‘पाणीसुद्धा नाही’ हे पटावयास खामगावचा एक पूर्ण उन्हाळा लागला.

लसीकरणाबाबत मात्र कसलाही आगार नको. नैसर्गिक जीवनाच्या उत्साहात काही सुशिक्षित पालक लसींना विरोध करतात, हे अविचाराचे आहे. तसेच शुद्ध शाकाहारी मातांनी बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी गर्भारपणातच करून घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले. मातेत ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरते. अहिंसक आहार सोडण्याचे यात कारण नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतली की काम भागते. पण ‘पूर्वी कुठे गोळ्या होत्या’ हा युक्तिवाद येथे करू नये.

घरातला बदल सोपा म्हणावा असा कठीण प्रसंग दुकानात उभा राहिला. घरात डायपर कमी झाले, पण दुकानात सर्वांत जलद खपणाऱ्या मालात डायपरच होते. त्यात दुधाच्या बाटल्या, डब्यातील पावडर, प्लास्टिकच्या पुड्या यांची भर. एके रात्री जेवणानंतर नातवाने वडिलांपुढे हा विषय काढला. सातव्या व्रताच्याच पोटात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने जे धंदे करू नयेत त्यांची यादी. कोळसा पाडणे, जंगल तोडणे, हस्तिदंताचा वा विषाचा व्यापार, तळी-सरोवरे आटवणे हे सारे त्यात आहे. प्लास्टिक त्यात नाही, कारण ते तेव्हा नव्हते. आज ती यादी कोणी नव्याने केली असती तर?

वडिलांचे म्हणणे व्यवहाराचे होते. उधारी-वसुली, नोकरांचे पगार, बँकेचे हप्ते या साऱ्याचा भार ज्या मालावर आहे तो एकाएकी काढला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, आणि तो माल तेथून विकला जाईलच. पृथ्वीवरचा एकही डायपर कमी होणार नाही, घराचे उत्पन्न तेवढे कमी होईल. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु प्रत्येक व्यापाऱ्याने प्रत्येक वस्तूबद्दल नेमके हेच म्हणावे अशी त्याची रचना आहे, हेही तितकेच खरे. नातवाने तेच सांगितले तेव्हा वडील रागावून उठून गेले.

शेवटी तोडगा निघाला तो पुन्हा मर्यादेचाच. डायपरची विक्री बंद झाली नाही. पण त्यांचे दर्शनी फळीवरील स्थान गेले. ते आता मागच्या खोलीत असतात, मागितले तर मिळतात. दर्शनी फळीवर जुन्या सुती साड्यांचे लंगोट-दुपटी आली. गावातील एका बचत गटाच्या बायका ती शिवून देतात. बाळाची बाटली आणि पावडर यांच्याबाबत तर कायदाच बोलका आहे. १९९२ चा शिशुदुग्धपर्याय कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती यांनी बाळाचे पावडरचे दूध, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे डबाबंद अन्न यांची जाहिरात आणि विक्रीवाढीच्या योजना यांना बंदी घातली आहे. कित्येक दुकानदारांना याची कल्पना नसते. या दुकानातील अशा मालाची रंगीत चित्रे त्यानंतर उतरवली गेली. प्लास्टिकच्या पिशव्या त्याआधीच गेल्या होत्या. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेनंतर दंडाच्या भीतीने त्या गेल्या, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकल वापराच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली तेव्हा थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेलेही गेले. भीतीने सुटलेली वस्तू आणि समजून सुटलेली वस्तू यांत फरक असतो. पण सुटली हेही काही कमी नव्हे.

लंगोटांचा खप किती? फार नाही. महिन्याला पंधरा-वीस संच जातात. नफा किरकोळ आहे. वडील दर महिनाअखेर तो आकडा मोठ्याने वाचतात, आणि त्यामागील टोमणा सर्वांना समजतो.

कर्मादानांच्या यादीतील तळी आटवण्याचा उल्लेख बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात विशेष लक्षात राहतो. या जिल्ह्यात त्याच्या नेमके उलट काम जैन समाजाच्या पुढाकाराने झाले आहे. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये जिल्हा प्रशासनाबरोबर ‘सुजलाम् सुफलाम्’ हा उपक्रम हाती घेतला, १३४ जेसीबी व पोकलेन यंत्रे पुरवली, आणि तलाव-धरणांतील गाळ काढून तो शेतकऱ्यांच्या शेतांत पडला. याच काळात राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी तलावांतील माती-मुरूम वापरण्याची पद्धतही जिल्ह्यात रुजली आणि तिला ‘बुलढाणा पॅटर्न’ असे नाव मिळाले. समाजाने अभिमान बाळगावा असे हे कार्य. परंतु तलाव खोल करणाऱ्या हातांनी घरी बेसिनचा नळ सोडून दात घासावेत, ही विसंगती तेवढीच ठळक आहे. पाणी तुपासारखे वापरावे असे जैन घरांत पूर्वापार सांगितले जाते. त्या कुटुंबात आता लंगोटांच्या शेवटच्या खळबळण्याचे पाणी सडा-संडासाला जाते, आणि जेवणानंतर ताट धुऊन पिण्याची दादींची सवय, जिला मुले पूर्वी हसत, ती थोरल्या पणतूने उचलली आहे. त्याला ती एक प्रकारची पैज वाटते.

मुलांच्या खेळाबद्दल फार सांगावयास नको. ताराबाई मोडक, ज्यांच्या आयुष्यातील काही वर्षे अमरावतीत गेली, त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात बिया, शिंपले, खडे, पाने यांतूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. बॅटरीची खेळणी विकणाऱ्या दुकानाच्या मालकाच्या घरी धाकटा चिंचोक्यांनी आणि रिकाम्या सुताच्या रिळांनी खेळतो. मोबाइल मात्र या घरातही पूर्ण सुटलेला नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण झाल्याने मुले साडेआठला झोपतात, एवढा एक मोठा लाभ चौविहाराने न मागता दिला. ज्या घरांत रात्री अकराला जेवणे होतात, त्यांना लहान मुलांच्या झोपेची तक्रार करण्याचा अधिकार किती, हा प्रश्न आहेच.

धाकटा आता तीन वर्षांचा झाला. लंगोटांची गरज संपली. त्यांतील बरे होते ते जालन्याच्या नणंदेकडे गेले, उरलेल्यांची फडकी झाली. रात्रीचा डायपर अडीच वर्षे पुरी होईपर्यंत सुटला नव्हता, आणि सम्मेद शिखरजीच्या यात्रेत तर दिवसाही तोच होता. ते आगारात असल्याने कोणी खंत केली नाही. घरातील मर्यादा दुसऱ्या वस्तूंकडे वळल्या आहेत. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या घरात येत नाहीत. शाळेचा डबा व बाटली स्टीलची आहे. धाकट्या नातवाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि हजार पाहुण्यांना पाणी कशातून द्यावयाचे यावर वडील आणि मुलगा यांचे अद्याप एकमत झालेले नाही. वधूपक्षाला काय वाटेल हा वडिलांचा प्रश्न आहे, आणि तो अगदीच गैरलागू नाही.

दरम्यान यंदाच्या चातुर्मासात सूनबाईने महिला मंडळाच्या बैठकीत सुचवले की गौतम प्रसादीच्या वेळी कागदी पेले आणि पत्रावळी बंद करून संघाची स्टीलची भांडी पुन्हा काढावीत. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा लेप असतो, ही माहिती अनेकींना नवी होती. सूचनेला विरोध कोणी केला नाही. एका वयस्क श्राविकेने फक्त विचारले, ‘‘घासणार कोण?’’ तेव्हा मंडळाने ठरवून निरोप पाठवला की ताटे-पेले घासण्याची पाळी संघातील पुरुषांनी घ्यावी, तरच भांडी निघतील. संघाच्या अध्यक्षांनी तो निरोप स्थानकातील फळ्यावर खडूने लिहिला. पहिल्या रविवारी घासावयास अकरा जण आले. दुसऱ्या रविवारी चार आले. त्यांत दुकानाचे मालक, म्हणजे महिनाअखेर लंगोटांचा आकडा मोठ्याने वाचणारे ते गृहस्थ, बाह्या सरसावून उभे होते. संवत्सरीला अजून तीन रविवार आहेत.